कोरडी जागा

“मग तिथं जायला त्यांना अडचण तरी काय आहे, अप्पा?”

मन्मथशेठ उभ्यानंच विचारत होता. अप्पांनी घोंगडी पुढे सरकवली होती, पण रागात असला की तो बसत नाही.

मठाचे गुरुलिंग अप्पा खांबाला पाठ टेकून बसले होते. वय झालेलं, गुडघे सुजलेले. सकाळपासून माणसं येत होती आणि प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं होतं. अप्पांनी डोळे मिटूनच विचारलं, “कुठं?”

“निवाऱ्यात. बायपासच्या पलीकडे मी बांधला तो. लोखंडी पलंग, गाद्या, पंखे, नळाला पाणी. रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी एवढं कोणी केलंय आपल्या तालुक्यात? रविवारी उद्घाटन आहे. आणि पेठेतला एकही माणूस यायला तयार नाही.”

“हं…”

“सगळं त्या सोजरबाईपाशी अडतंय. ती हलली की बाकीचे हलतील. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तेवढा टाका.”



मन्मथशेठ म्हणजे आमच्या पेठेतलं सगळ्यात मोठं कापडाचं दुकान. अप्पांचा जुना शिष्य. माणूस वाईट नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. दर थंडीत तो गोरगरिबांना ब्लँकेटं वाटतो. ब्लँकेटावर दुकानाचं नाव छापलेलं असतं, पण माल चोख असतो. मी हात लावून बघितलाय.

धंद्यातही त्याच्याकडून शिकावं. गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी ‘बसा’, मग पाणी, कापड त्यानंतर. बसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हातानं उठत नाही, असं त्याचे वडील सांगायचे. एकदा एक पाहुणा नुसता पत्ता विचारायला आला होता. त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तो दोन लुगडी घेऊन गेला. पत्ता विचारायचा राहिलाच.

पेठेत आणखी एक रीत आहे. संध्याकाळी शटर ओढलं की दुकानापुढच्या ओट्यावर बादलीभर पाणी मारायचं. कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, धूळ बसावी म्हणून. ओल्या फरशीवर कोणी आडवं होत नाही, हे कोणी बोलत नाही.

सोजरबाई झोपते ती मन्मथशेठच्या ओट्यावर.

“आणि अप्पा,” मन्मथशेठचा आवाज जरा खाली आला, “शनिवारी मुक्काम माझ्याकडे करा. इतकी वर्षं मागतोय. वरच्या मजल्यावरची खोली तयार आहे. नवी गादी घातलीय. तुमचे पाय एकदा माझ्या घराला लागू द्या.”

“बघू…” अप्पा म्हणाले. “जेवणाची वेळ झाली.”

मठात दुपारी दासोह असतो. येईल त्यानं बसावं, वाढतील ते खावं, कोण कुठला विचारायचं नाही. ज्वारी दुकानदारांकडून येते. त्या दिवशी मी तीच पोचवायला गेलो होतो, म्हणून हे सगळं समोर बघितलं.

माणसं आत यायला लागली. सोजरबाई सगळ्यांच्या मागून आली. काखेत गाठोडं. गाठोड्याला मन्मथशेठचं ब्लँकेट गुंडाळलेलं, दुकानाचं अर्धं नाव बाहेर.

ती रोजच्या जागेपाशी आली. खाली वाकली. बसायच्या आधी तिनं फरशीवरून पालथा हात फिरवला. इकडून तिकडे, सावकाश. मग पुन्हा एकदा.

बाहेर रणरणतं ऊन होतं. फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता.

“काही हरवलं का, बाई?” मन्मथशेठनं विचारलं.

“न्हाई, मालक. बघितलं.”

“काय बघितलं?”

“वलं हाय का ते.”

मन्मथशेठनं फरशीवरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघितलं.

“सवयच लागली हाताला,” ती बसत म्हणाली. “हितं कोरडं असतंय, ठावं हाय. पर हात ऐकत न्हाई.”

वाढपी ताटं मांडत पुढे गेला. अप्पांनी डोळे उघडले होते.

मन्मथशेठ तिच्याकडे वळला. “सोजरबाई, मी तुमच्या भल्यासाठीच बांधलंय ना ते. पंखा आहे. पलंग आहे. ओलं नाही, काही नाही. का येत नाही तुम्ही?”

“चांगलं हाय ते. जाऊन बघून आले मी.”

“मग?”

“गाठोडं भाईर ठिवा म्हनले. ढेकनं व्हत्यात म्हनं.” तिनं गाठोडं मांडीजवळ ओढलं. “सकाळी मंडईत भाजी निवडायला जावं लागतंय. बायपासवरनं चालत आले तर तवर काम दुसरीला जातंय. मग पंखा खाऊ का?”

शेजारचा म्हातारा हसला. ती हसली नाही.

“ते बी चाललं असतं,” ती म्हणाली. “पर पेठंत ती फुलवाली हाय न्हवं, कोपऱ्यावरची. ती टोपली उतरली की हाक मारती. ए सोजरे, उठलीस का. रोज. मी नुसती ‘हूं’ म्हनते.”

“त्यात काय एवढं?”

“एखाद्या दिशी मी हूं म्हनले न्हाई, तर तिला कळंल.” ती ताटाकडे बघत होती. “तुमच्या तिथं कुनाला कळायचं, मालक? पलंगावर पलंग. येक रिकामा झाला, दुसरा निजल.”

ताटात भाकरी पडली. आमटी पडली. ती खायला लागली, दमलेलं माणूस खातं तशी, मान वर न करता.

मन्मथशेठ खाली बसला. घोंगडी बाजूलाच होती, तो फरशीवर बसला. मग त्याचा तळहात नकळत फरशीवर टेकला आणि तिथंच राहिला.

तो म्हणाला, “मी काय करू, अप्पा? बांधलं ते चुकलं का?”

“पलंगाला काय दोष…” अप्पा म्हणाले. “सगळ्यांनाच पडायला जागा लागते. मलाही.”

“म्हणजे शनिवारी याल ना मुक्कामाला? पेठेत?”

“येईन म्हणतो.”

मन्मथशेठचा चेहरा जरा मोकळा झाला. “वरची खोली…”

अप्पा त्याच्याकडे बघत नव्हते.

“सोजरमाय,” त्यांनी हाक मारली, “शनिवारी मी पेठेत येतोय मुक्कामाला. तुझ्या शेजारी मला जागा होईल का?”

सोजरबाईचा घास हातात राहिला. तिला ही थट्टा वाटली नाही. तिनं मनाशी जागा मोजून बघितली असावी.

“हुईल की,” ती म्हणाली. “गुडघं दुखत्यात तुमचं, तुम्ही भिंतीकडनं पडा. मी कडंला पडते.”

“बरं.”

“पर दिवं लागल्या लागल्या येऊ नगा, अप्पा. उगं हुबं ऱ्हावं लागतंय. जरा वाळू द्या आदी.”

मन्मथशेठनं फरशीवरचा हात उचलून मांडीवर घेतला.

अप्पांनी पुन्हा खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

“माझी सोय झाली, मन्मथ.”