बारशाआधीची नावं

फार मागं एक राजा होता. त्याच्या अंगणात एक झाड होतं. त्याला फूल नाही, फळ नाही. नुसती पानं.

पण ती पानं साधी नव्हती, बरं का. राज्यात कुठंही माणूस गेलं, की घरचं कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहायचं आणि गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. तिकडं झाडाचं एक पान रंग बदलायचं. तापानं गेलं असेल तर पिवळं. साप चावून गेलं असेल तर निळं. पटकीनं गेलं असेल तर लाल.

राज्यात वैद्य एकच. मग राजा काय करायचा? दर साली संक्रांत झाली, की झाडाखाली बसायचा. ज्या दुखण्याचा रंग जास्त, त्याच्यामागं वर्षभर वैद्य धाडायचा. राजा वाईट नव्हता, पोरांनो. झाड सांगेल तसं करायचा.

त्या राज्यात बोरवण नावाच्या गावात ठकूबाई सुईण राहायची. तिची लेक मैना. मैनेला पहिलं बाळ झालं, मुलगा. पाचवी पुजली. सहाव्या दिवशी बाळानं दूध सोडलं. जबडा आवळला, अंग लाकडासारखं ताठ झालं. सातव्या दिवशी गेलं. बायका म्हणाल्या, "सटवाईनं नेलं." असं त्या मुलखात घरोघरी व्हायचं. उंबऱ्यावर नाव कुणी घेतलं नाही. घेणार कसं? बारसं बाराव्या दिवशी. बाळाला नावच नव्हतं.

मग ठकूबाई तीन दिवस चालून राजवाड्यावर गेली. देवडीवर राणोजी पहारेकरी होता.

"काय ग म्हातारे, वैद्य पाहिजे? रंग कुठला तुझ्या दुखण्याचा?"

"रंग ठाऊक नाही, दादा. पोरं सातव्या दिवशी जातात."

राणोजी हसला. "जे झाडावर नाही, ते राज्यात नाही. जा घरी."

त्या साली वैद्य तापामागं गेला.

दुसऱ्या साली मैनेला मुलगी झाली. तीही सातव्या दिवशी गेली. ठकूबाई परत गेली. या खेपेला राजा स्वतः तिला झाडाखाली घेऊन आला. म्हणाला, "दाखव बाई, तुझं पान." मान दुखेस्तोवर तिनं शोधलं. पिवळी होती, निळी होती, लाल होती. तिच्या नातवंडांचं एकही नव्हतं. राजा हळूच म्हणाला, "जे दिसतच नाही, त्याच्यामागं वैद्य कसा धाडू?"

त्या साली वैद्य सापांच्या गावांना गेला.

तिसऱ्या साली मैनेचं तिसरं बाळ गेलं. आणि पुढं मैना पुन्हा गरोदर राहिली. आता मात्र ती अन्न खाईना. एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "आई, पहिल्याला मी सुभान म्हणत होते. मनातल्या मनात."

"कधीपासून ग?"

"पोटात होता तेव्हापासून. मग गोजरा. मग रंभाजी."

ठकूबाईनं तिन्ही नावं हळूच म्हणून बघितली. मग उठली, नावागणिक एक अशा पदराला तीन गाठी मारल्या आणि राजवाड्याकडं निघाली.

वाटेत जे जे गाव लागलं, तिथं ती थांबली. बाळ गेलेल्या बायकांना विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?" बायका म्हणायच्या, "नाव कसलं, मावशी? बारसं कुठं झालं?" मग ठकूबाई निघाली, की वेशीपर्यंत मागं यायच्या आणि कानात एक नाव सांगायच्या. प्रत्येकीकडं होतं, बरं का. एकही आई बिननावाची निघाली नाही. पदर भरला, तेव्हा तिनं लुगड्याच्या काठाला गाठी मारल्या.

राजवाड्यापुढं वैद्याची गाडी जुंपलेली होती. त्या साली पुन्हा पिवळी पानं जास्त होती. गाडी राणोजीच्याच गावाला निघाली होती, कारण तिथं ताप होता आणि राणोजीचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता.

राणोजीनं पदराकडं बघितलं. "किती ग या?"

"मला मोजता येत नाही, दादा."

या वेळी तो हसला नाही. त्यानं दार उघडलं.

मग ठकूबाई झाडाखाली उभी राहिली आणि एकेका गाठीवर हात ठेवून नाव घेऊ लागली. सुभान. एक पान पांढरं झालं. गोजरा. दुसरं झालं. रंभाजी. तिचा आवाज बसला तरी गाठी संपेनात. शेवटी शेंड्यापासून खालपर्यंत सगळं झाड पांढरं झालं.

प्रधान म्हणाला, "महाराज, बारशाआधीची पोरं कुठं मोजायची?"

राजा म्हणाला, "झाडानं मोजली, प्रधानजी."

वैद्याची गाडी बोरवणकडं वळली. राणोजी देवडीवर उभा होता. गाडी जाताना बघत राहिला. महिन्याभरात त्यानं भावाचं नाव घेतलं आणि एक पान पिवळं झालं. काय करणार, पोरांनो? वैद्य एकच होता.

वैद्य बोरवणला आला. त्यानं विचारलं, "नाळ कशानं कापता?"

ठकूबाईनं कमरेचा विळा काढून दिला. "माझ्या आईचा आहे. गवत यानंच, नाळ यानंच. पदरानं पुसून घेते की."

वैद्यानं विळा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "चूल पेटवा. विळा पाण्यात उकळून घ्या. हात धुवा. नाळेला राख लावू नका, शेण लावू नका."

"आणि औषध?"

"एवढंच, बाई."

ठकूबाई मटकन खाली बसली. विळा समोर होता. पदराच्या गाठी अजून तशाच होत्या. त्यातल्या कितीतरी बाळांची नाळ तिनंच कापली होती.

मैनेच्या कळा सुरू झाल्या, तरी ठकूबाई उठेना. मैना म्हणाली, "आई, ऊठ. पाणी उकळलंय. मला तूच पाहिजेस."

मग ती उठली.

मुलगी झाली. पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, शेवंता. सहावा दिवस गेला. सातव्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. सगळे बाळाच्या तोंडाकडं बघत बसले. दिवस कलला आणि शेवंता भुकेनं रडली. मैनेनं तिला छातीशी घेतलं. ती चुटूचुटू दूध प्याली.

तेव्हापासून त्या राज्यात पहिल्याच दिवशी नाव ठेवतात. वैद्यानं गावोगावच्या सुइणींनाही तेच सांगितलं, म्हणून पांढरं पान क्वचित दिसतं. शेवंता मोठी झाली, मैना सुखानं राहिली. ठकूबाईनंही पुढं पुष्कळ बाळंतपणं केली, प्रत्येक वेळी विळा उकळून. पदराच्या गाठी मात्र तिनं कधी सोडल्या नाहीत.

झाली गोष्ट. तुमची सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. पांघरूण ओढा आणि झोपा आता.