मागच्या डोळ्यांनी पाहणारा कोळी

पूर्वी चंपा नगरीत सुषेण राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व नदीकाठच्या एका अर्जुनवृक्षावर उडी मारणाऱ्या कोळ्याच्या जन्माला आला. अंग सालीसारखेच राखी, पाठीवर पांढरा पट्टा, जबडे हिरवे चमकणारे. पुढे दोन मोठे काळेभोर डोळे, बाजूंना आणि मागे सहा लहान. हे कोळी जाळे विणत नाहीत. सालीला धागा चिकटवून सावजावर झेप घेतात आणि रात्री सालीच्या फटीत निजतात.

वरच्या उन्हातल्या फांदीवर शबला नावाची कोळीण राहत असे. नाचाच्या ऋतूतच ती खाली उतरे. बोधिसत्त्व बुंध्यावरून वर पाहत राही. त्याला पापण्या नव्हत्या. पाहणे थांबवायची सोयच नव्हती.

नर पुढचे पाय उंचावून मादीसमोर नाचत आणि जटिल नावाचा म्हातारा न्याय करायला बसे. नाचताना, बघताना सर्वांनी फक्त पुढचेच डोळे वापरायचे, अशी रीत होती. मोडलेला नाच त्या जोडीला पुन्हा मिळत नसे.

"आणि मागून कुंभारीण माशी आली तर?" बोधिसत्त्वाने जटिलाला विचारले.

"तू आधी पाय सरळ उचलायला शीक, बाळ."

ही माशी कोळ्यांना डंखाने सुन्न करून आपल्या मातीच्या घरट्यात पिलांसाठी कोंडते. दरवर्षी एकदोन नाचणारे नाहीसे होत. म्हातारे म्हणत, हल्लीच्या पोरांत दम नाही.

अखेर शबला उतरली.

"फार वाट पाहिलीस का?"

"अजून पाहिली असती."

"मग बोलतोस काय? नाच की!"

तो नाचला. ती एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात मागच्या डोळ्यांना कुंभारीण दिसली, नेमकी मागे बसलेल्या जटिलाच्या डोक्यावर. म्हातारा रीत पाळून समोरच बघत होता.

बोधिसत्त्वाने त्याच्यावर झेप घेतली. दोघे एका धाग्यावर लोंबकळत राहिले. माशी रिकामी साल चाचपून उडून गेली.

"नाच मोडलास, गाढवा!" जटिल ओरडला.

"आजोबा, तो तुमच्यासाठीच..." शबला म्हणाली.

"रीत म्हणजे रीत. जा वर."

ती गेली. राखी सालीत राखी अंग मिसळेपर्यंत बोधिसत्त्व पाहत होता. मग त्याने म्हाताऱ्याला सांभाळून वर ओढून घेतले.

ही कथा भिक्षुसंघाला सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा जटिल म्हणजे आज प्रत्येक सभेत आधी बोलणारे ज्येष्ठ भिक्षू उत्तिय थेर. शबला म्हणजे भिक्षुणी मंदारा. आणि तो कोळी मीच होतो. समोरचा वाचवण्याच्या लायकीचा आहे का, हे मी विचारत बसलो असतो, तर ती माझी झाली असती."

मंदारा शेवटच्या रांगेत बसली होती. शास्त्यांनी तिकडे पाहिले आणि म्हणाले, "यालाच करुणा म्हणतात."