बिजली बसली नाही

कुत्र्यांचं बोलणं माणसांना कळायचं, त्या काळची ही गोष्ट. एका तुरुंगात बिजली नावाची कुत्री होती. गांजाचा वास आला की ती तिथेच खाली बसायची. मग तिला शिकवणारे खरात हवालदार खूश होऊन तिला चेंडू द्यायचे. चेंडूपेक्षाही बिजलीला त्यांचं हसू आवडायचं.

एकदा बराकीत गांजा आल्याची खबर लागली. खरातांचा संशय कोंडिबा नावाच्या कैद्यावर होता. तो आठवड्यानं सुटणार होता. गांजा सापडला तर सुटका टळणार होती. त्याच्या वळकटीपाशी खरात थबकले आणि चेंडू दाखवत म्हणाले, "बस की गं, बिजले!"

बिजलीनं वळकटी पुन्हा पुन्हा हुंगली. आपण बसलो की खरातदादा हसणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती उभीच राहिली.

"दादा, तुमच्यासाठी मी काहीही करीन. पण इथं काही नाही."

"नाक बिघडलंय तुझं!" खरात चिडले.

बिजली मान खाली घालून पुढे निघाली. दाराजवळच्या दुसऱ्याच बिछान्यापाशी मात्र ती चटकन बसली. उशी उसवली, तर आत गांजाची पुडी निघाली.

"चुकलो गं," म्हणत खरातांनी तिला कुशीत घेतलं.

कोंडिबा ठरल्या दिवशी घरी गेला. आणि तेव्हापासून झडतीच्या वेळी खरात तोंडातून अवाक्षर न काढता बिजलीच्या मागून चालू लागले.