तीन पायांचं टेबल

समुद्राचा वारा जिथे माडांच्या झावळ्यांत झोके घेऊन दमतो, तिथे एक इवलंसं कौलारू घर होतं. घर आबा सुतारांचं. आबांनी आयुष्यभर गावाला टेबलं, खाटा, पाळणे, देव्हारे करून दिले. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात काय होतं? चार पाट, त्यातला एक फुटका!

पाटावर तरी बसणार कोण? आबांचे गुडघे आता वाकत नव्हते. ते पडवीत खाटेवर बसून, मांडीवर ताट घेऊन एकटेच जेवत. आई काजूच्या कारखान्यातून दमून येई आणि चुलीपाशी बसून दोन घास खाई. बाबा तर दूरच्या बंदरात होड्या बांधायला गेलेले; दोन दिवाळ्या झाल्या, घरी आले नव्हते. आणि आठ वर्षांची शेवंती? ती एक घास चुलीपाशी खाई नि एक घास पडवीत. धावून धावून तिचा भात गार होऊन जाई.

"आबा, आपण सगळे एकदम कधी जेवणार?" ती विचारी.

"जेवू गो शेवूबाय, जेवू," आबा म्हणत आणि तोंड फिरवून अंगणाकडे बघत. हल्ली त्यांची अर्धी भाकरी ताटातच उरे. शेवंतीला त्या अर्ध्या भाकरीची फार भीती वाटे.

काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं. एक टेबल! उंच, म्हणजे आबांना खाली बसावं लागणार नाही. आणि चार पायांचं. एक पाय आबांचा, एक आईचा, एक तिचा आणि एक बाबांचा. ते टेबल तिला इतकं हवं होतं, की जेवता जेवता ती ताटातल्या भातावर बोटाने त्याचं चित्र काढी.

घरामागच्या राईत वाऱ्याने एक म्हातारा फणस आडवा झाला होता. एका सोनसळी सकाळी शेवंती त्याच्यावर जाऊन बसली, तेवढ्यात तिला बारीकसा आवाज आला.

"अगं, मला सोडव ना!"

बुंध्याच्या भेगेत एक चिमुकली परी अडकली होती. अंगठ्याएवढी! झगा पिकल्या गऱ्यासारखा पिवळाधमक, आणि पंख रंध्यातून निघालेल्या सालपटांसारखे पातळ, कुरळे, चमचमणारे. पण त्या सुंदर पंखांना लागला होता फणसाचा चीक. तो चीक कसा असतो ते कोकणातल्या पोरांना विचारा. ओढाल तितका जास्त चिकटतो!

शेवंतीने पंख मुळीच ओढले नाहीत. आईने सकाळीच तिच्या केसांना खोबरेल तेल चोपडलं होतं. तिने वेणीवरून बोट फिरवलं आणि तेलाचं बोट हळूहळू पंखांना चोळलं. चीक सुटला. परी भुर्रकन वर उडाली आणि सगळ्या राईत सोनेरी भुसा भुरभुरला.

"मी गाभापरी," ती म्हणाली. "लाकडाच्या गाभ्यात राहते. तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण ऐक हं. तयार वस्तू मागायची नाही. हाताने होण्यासारखं काम माझ्यावर ढकलायचं नाही. आणि तीन म्हणजे तीन. चौथी मागितलीस, तर मला ऐकूच येणार नाही!"

शेवंतीला आधी बाबाच आठवले. पण तिने ओठ घट्ट मिटले. टेबलच नसेल, तर बाबा येऊन बसतील कुठे? बाबांची इच्छा तिने शेवटासाठी राखून ठेवली.

"आबा म्हणतात, ओलं लाकूड पुढे वाकडं होतं," ती म्हणाली. "हा फणस वाळवून देशील?"

परीने हलकेच फुंकर मारली. दोन उन्हाळ्यांचं ऊन झाडातून सळसळत गेलं आणि लाकूड हळदीसारखं पिवळं झालं.

"आणि आबांचे हात थरथरतात. टेबल होईपर्यंत तेवढे थांबव ना."

पडवीत आबांनी आपले हात डोळ्यांसमोर धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मग खाटेखालची धुळकट पेटी त्यांनी पुढे ओढली.

आणि काय सांगू, त्या अंगणात कामाची कशी धांदल उडाली! आबा खाटेवरून खुणा करून देत. करवतीचं एक टोक आई धरी, दुसरं शेवंती. खर्र खुर्र, खर्र खुर्र! रंध्याखालून सालपटांची वेटोळी निघत, ती शेवंतीच्या केसांत अडकत. तिच्या हातांना फोड आले, ते तिने कुणाला दाखवले नाहीत. दोन रुंद फळ्या झाल्या. बसायला चार ओंडके झाले. तीन पाय झाले.

चौथ्या पायापुरती एकच सरळ फांदी उरली होती. शेवंतीने तिच्यावर करवत ठेवली, तोच आतून आलं, "चीं, चीं!"

फांदीतल्या ढोलीत तांबट पक्ष्याची तीन पिल्लं होती. वर त्यांची आई घिरट्या घालत होती, आणि करवंदीच्या जाळीतून एक गलेलठ्ठ बोका टक लावून बघत होता.

शेवंतीने दगड मारून बोक्याला पळवलं. पण तो पुन्हा येणारच होता. तिने फांदी उचलून पाहिली. ती जागची हललीसुद्धा नाही.

"परी," तिने हाक मारली, "ही फांदी त्या उंच आंब्यावर ठेवशील? हे हाताने होण्यासारखं नाही गं."

"नाही खरं," परी हळूच म्हणाली. "पण ही तिसरी इच्छा. आणि बाबा?"

शेवंतीचे डोळे भरून आले.

"बाबांना आपलं घर माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "पिल्लांना दुसरं घरच नाही."

फांदी पिसासारखी वर गेली आणि आंब्याच्या बेचक्यात बसली. शेवंती रडत घरी आली.

"आबा, चौथा पाय नाही मिळाला. बाबांचाच राहिला."

सगळं ऐकून आबा चक्क हसले. किती दिवसांनी!

"वेडी गो माझी बाय! आपली जमीन सारवलेली, कुठे उंच, कुठे खोलगट. चार पायांचं टेबल डुगडुगलं असतं. तीन पायांचं कध्धी डुगडुगत नाही!"

खरंच की! टेबल उभं राहिलं ते पहाडासारखं. आईने त्यावर फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी मांडली, वाफाळता भात मांडला. तिघं ओंडक्यांवर बसली आणि शेवंतीचा भात पहिल्यांदाच गरम राहिला. आबांनी अख्खी भाकरी खाल्ली, वर आणखी चतकोर मागून घेतली!

पण चौथ्या ओंडक्यापुढे शेवंती रोज एक ताट पालथं मांडून ठेवी. जेवण झालं की ते तसंच उचलून ठेवी. तेव्हा मात्र तिला बाबांची फार फार आठवण येई. चौथी इच्छा तिने कधी मागितली नाही.

आंब्यावरची पिल्लं मोठी झाली आणि उडून गेली.

मग एका दुपारी आई भात वाढत असताना फाटक करकरलं. दारात बाबा उभे! खांद्यावर हत्यारांची पिशवी, दाढी वाढलेली.

"काय सांगू आबा," ते म्हणाले, "आठ दिवस एक तांबट पक्षी माझ्या खिडकीशी बसून राहिला. टुक टुक, टुक टुक! अगदी तुमची हातोडी. माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी निघूनच आलो."

शेवंतीने वळून बाहेर पाहिलं. आंब्याच्या फांदीवर तांबटाशेजारी गाभापरी बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पंख फडकवले. सगळं अंगण हळदीसारख्या पिवळ्या उजेडाने भरून गेलं. उजेड ओसरला तेव्हा फांदीवर फक्त तांबट होता.

शेवंतीने धावत जाऊन चौथं ताट सुलटं केलं.