लेथचा विसावा

दसरा, बारा ऑक्टोबर. आकाश निरभ्र, सकाळीच ऊन चटके देणारं.

पूजेआधी आमच्या कारखान्याचे मालक मगदूम म्हणाले, "आजपासून रविवारची सुट्टी बंद. ज्याचं कामावर प्रेम असतं, त्याला सुट्टी लागत नाही."

लेथवर काम करणाऱ्या हैबतीचा चेहरा उतरला. त्याची बायको दवाखान्यात रात्रपाळी करते. दोघं एकत्र जेवतात ते फक्त रविवारी.

मालकांनी लेथ यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तोच हैबतीने बटणाकडे हात नेला.

"अरे शहाण्या, थांब!" मालक ओरडले. "पूजा केलेलं यंत्र आज चालवतात का? वर्षभर राबतंय बिचारं, एक दिवस विसावा नको त्याला?"

"म्हणजे मालक, या यंत्राचं कामावर प्रेम नाही म्हणायचं!" हैबती म्हणाला.

सगळे हसले. हाराकडे बघत शेवटी मालकही हसले.

रविवारची सुट्टी कायम राहिली.