कूलरची चकाकी

फार जुनी नाही ही गोष्ट, पण संगणकांच्या जगात जुनीच म्हणायची. एका वाचनालयातल्या संगणकात एक प्रोसेसर राहत असे. त्याच्या डोक्यावरचा पंखा म्हातारा झाला, म्हणून दुरुस्तीवाल्या हेमांगीताईंनी प्रोसेसरला थंड ठेवणारा नवा, पंखा जोडलेला कूलर आणला.

कूलरचा तांब्याचा तळ आरशासारखा चकाकत होता. त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलेले होते. प्रोसेसरची उष्णता वर जावी म्हणून ताईंनी त्याच्यावर राखाडी लेपाचा थेंब ठेवला, तसा कूलर दचकला.

"हा चिखल माझ्या अंगाला लागणार?"

टेबलावर काढून ठेवलेला पंखा म्हणाला, "लागू दे, बाळा. प्लास्टिक सोड आणि त्याला नीट टेक. मीही असाच माखलो होतो."

"म्हणून तर असे दिसता, आजोबा!" कूलर हसला. त्याने प्लास्टिक घट्ट धरून ठेवले. ताईंच्या ते लक्षात आले नाही. त्यांनी चारही स्क्रू आवळले.

संगणक सुरू झाला. थोड्याच वेळात प्रोसेसर कळवळला, "दादा, भाजतंय रे."

"अरे, मी जीव तोडून फिरतोय!"

"वारा कळतोय. पण तुझा स्पर्शच होत नाही."

कूलर घाबरला. आता त्याला प्लास्टिक सोडायचे होते, पण स्क्रू हलेनात. तो आणखी जोरात फिरत राहिला. खालून पुन्हा आवाज आला नाही.

संगणक बंद पडला, तेव्हा ताईंनी कूलर काढला आणि प्लास्टिक सोलले. तळ अजून नव्यासारखा चकाकत होता. त्यात करपलेला प्रोसेसर स्पष्ट दिसत होता.