पहिला घोट करणाऱ्याचा

माडबंदरातल्या पाच ब्रुअऱ्या एका दिवसात बघायच्या म्हणून तुम्ही पहाटे निघून आलात, आणि पहिल्याच ठिकाणी तुमचा अपमान झाला. म्हणजे तुम्हाला तसं वाटलं. मालकाने नाचणीची बिअर ओतली, ग्लास तुमच्यापुढे धरला, तुम्ही हात पुढे केलात आणि ‘आदी मी’ म्हणून त्यानेच पहिला घोट घेतला. हे चष्मेवाले साहेब तर उठूनच उभे राहिले. उष्टं कसं प्यायचं म्हणाले. रागावू नका साहेब, पुढेही हेच होणार आहे. सगळ्या जगात पाहुण्याला ‘आधी तुम्ही’ म्हणतात, आमच्या गावात उलटं. का ते सांगतो, मग प्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. इथे बांधावर बसा, ऊन अजून कोवळं आहे.

या स्टीलच्या टाक्या आणि रंगीत पाट्या आत्ताआत्ताच्या. पूर्वी इथे माडी. भंडाऱ्यांची पाच घरं माडी काढायची आणि येणारी-जाणारी गलबतं ती घ्यायची. राज्य कोणाचं होतं ते मला विचारू नका. शिडांची गलबतं होती एवढं खरं.

त्या पाच घरांत एक आवडी होती. नवरा माडावरून पडून गेला, तेव्हापासून ती स्वतः माडावर चढायची. बाईने माडावर चढायचं म्हणजे काय, म्हणून गावाने नाकं मुरडली. पण तिची माडी सगळ्यांत चांगली, त्यामुळे नाकं मुरडणारेच तिच्या दारात आधी हजर. तिला एक लहान मुलगी होती. बाकी मागेपुढे कोणी नाही.

आणि गावाचा पुढारी होता रवळू गावकार. मोठा माणूस, मोठं घर, आणि घरात तांब्याचा भलाथोरला हंडा. लग्नाकार्यात तो हंडा बाहेर निघाला की गावकाराची छाती फुगायची. एकदा एका गलबताने एकदम पुष्कळ माडी मागितली. एरवी ती मातीच्या मडक्यांतूनच जायची, पण गावकार म्हणाला, मडकी कशाला, माझा हंडा न्या. पाचही घरांची माडी त्या हंड्यात ओतली. त्याच्या बायकोने त्याला आतून सांगितलं होतं म्हणे, की दोन वर्षं कल्हईवाला फिरकलेला नाही, हंडा आतून लाल दिसतोय. गावकाराने ऐकलं आणि सोडून दिलं. चार लोकांत शब्द दिलेला, मागे कसा घ्यायचा?

कल्हई गेलेल्या तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, विषारी होतं, हे तुमच्या आजीलाही माहीत असेल. ताक कळकतं तशी माडीही कळकते. वारा पडला, गलबत खाडीच्या तोंडाशी तीन दिवस अडकलं आणि माडी हंड्यात तशीच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी ते गलबत परत बंदरात आलं. दोन खलाशी मेले होते, बाकीच्यांतले पुष्कळ उलट्यांनी आडवे. गलबताचा प्रमुख, तांडेल, उरलेल्या माडीसकट हंडा घेऊन किनाऱ्याच्या पुळणीवर उतरला. मागे धडधाकट उरलेली माणसं, मशाली घेऊन. तो म्हणाला, विष घालणारा माझ्या ताब्यात द्या. भरती पुरी होईपर्यंत थांबतो, नाहीतर सगळे माड जाळून जातो.

माड जळले तर गाव जगणार कशावर? पाचही घरं एकमेकांकडे बघू लागली. पाणी चढत होतं. हळूहळू कुजबुज सुरू झाली आणि ती आवडीपाशी येऊन थांबली. तिच्यासाठी रडणारं कोण होतं? मला याची आजही लाज वाटते, पण असंच झालं असं सांगतात.

हंड्याची कल्हई गेल्याची आवडीला काही कल्पना नव्हती. खलाशांनी बाहेर काहीतरी वाईट खाल्लं असेल असंच तिला वाटत होतं. ती पुढे झाली. “आमची माडी चांगली. मी पिऊन दाखवतंय,” म्हणाली, आणि हंड्यात वाटी बुडवली.

त्या पुळणीवर खरं ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता.

आता बाहेरच्या पाहुण्यांना सांगताना आम्ही सांगतो, की वाटी ओठाला लागायच्या आत रवळू गावकाराने ती हिसकावली आणि ‘आदी मी’ म्हणून स्वतः प्यायला. ऐकायला बरं वाटतं. पण मी त्याच्याच घरातला आहे आणि आमच्या घरात वेगळं सांगतात.

आवडीने पहिला घोट घेतला. जन्म माडीत गेलेली बाई ती, जिभेला लागताच तिला कळलं. तिने मान वळवून हंड्याच्या मालकाकडे बघितलं. थुंकली असती तर माड गेले असते. तिने दुसरा घोट घेतला. गावकार उभाच. तिसऱ्या घोटाला त्याचे पाय हलले.

“हंडो माजो. कल्हई गेलली, माका म्हायत होता,” तो म्हणाला. “आदी मीच पिऊक होया होतंय.” आणि आधीच प्यायला हवी होती ती उरलेली माडी तो ओंजळींनी प्यायला.

दोषी माणूस स्वतःच ते विष प्यायला, म्हणून तांडेलाने त्याला तिथेच सोडलं आणि भरती पुरी झाल्यावर तो निघून गेला. माड वाचले. आवडी दुसऱ्या दिवशी गेली. गावकार आठ दिवस तळमळला आणि वाचला. त्यालाच ते नको होतं, असं म्हणतात. आवडीच्या मुलीला त्याने घरी आणून वाढवलं, हंडा फोडून खाडीत टाकला, आणि मरेपर्यंत गावात कोणत्याही पाहुण्यासमोर पेय आलं की धावत जाऊन पहिला घोट घ्यायचा. लोक आधी हसले, मग तीच चाल पडली.

चला, उठा. पुढची ब्रुअरी आवडीच्या लेकीच्या वंशातली आहे. जांभळाची वाइन उत्तम करतात. आजही तिथली मालकीण ‘आदी मी’ म्हणत नाही. आमच्या घरातलं माणूस आलं की ती भरलेला ग्लास ओठांपाशी धरून नुसती थांबते, आणि ‘आदी मी’ मला म्हणावं लागतं.